ताळा करून पाहणारा माणूस

बीजगणितात जे ठाऊक नाही त्याला आपण ‘क्ष’ म्हणतो. वर्तमानपत्रात नाव छापायचं नसलं की तीच ‘क्ष व्यक्ती’ होते. १८९५ साली विल्हेम कॉनराड राँटजेन यांनी आपल्याला सापडलेल्या किरणांना ‘एक्स’ हे अक्षर दिलं ते याच अर्थानं. हे काय आहे ते मला अजून कळलेलं नाही, एवढंच त्यांना सांगायचं होतं. ज्या कुणी त्याचं मराठीत ‘क्ष-किरण’ केलं, त्यानं शब्दाबरोबर तो कबुलीचा सूरही आणला. जर्मन लोक मात्र त्यांना राँटजेन-किरण म्हणू लागले. स्वतः राँटजेनना ते फारसं आवडलं नाही.

शाळेच्या पुस्तकात त्यांची गोष्ट एका परिच्छेदात उरकलेली असते. अंधारी खोली, काळ्या पुठ्ठ्यात गुंडाळलेली नळी, दूरवरचा पडदा अचानक चमकतो आणि शोध लागतो. जणू लॉटरीच! गोष्ट खोटी नाही, पण ती पहिल्या संध्याकाळची आहे. पुढच्या सात आठवड्यांबद्दल कुणी फारसं सांगत नाही, आणि माझ्या मते हा माणूस त्या सात आठवड्यांतच आहे. माझी उमेदीची सगळी वर्षं बँकेत गेली. रोजकीर्द जुळली तरी पुन्हा एकदा ताळा करून पाहिल्याशिवाय वही न मिटणारे एक-दोन जण प्रत्येक शाखेत असतात. त्यांच्यापायी बाकीच्यांची साडेसहाची लोकल चुकते, म्हणून लोक त्यांच्यावर वैतागतात. राँटजेन त्या जातीचे होते.

ही जात आठवण्याचं आणखी एक कारण आहे. १ जून १९९० रोजी जर्मनीनं राँटजेन यांच्या नावाची एक दुर्बीण अवकाशात पाठवली. ‘रोसॅट’ म्हणजे राँटजेन-उपग्रह. आकाशातून येणारे क्ष-किरण गोळा करून त्यांचं चित्र काढायचं, हे तिचं काम. आता चित्र काढायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो रेखीवपणाचा. तारा हा एवढ्या लांबून ठिपकाच दिसायला हवा. तो पसरट दिसला, तर पसरटपणा ताऱ्याचा की यंत्राचा? समोर दिसतंय ते जगात आहे, की माझ्या उपकरणानं निर्माण केलंय? व्युर्झबर्गच्या प्रयोगशाळेत राँटजेननी सात आठवडे स्वतःला नेमका हाच प्रश्न विचारला होता.

त्यांचा जन्म २७ मार्च १८४५ चा, जर्मनीतल्या लेनेप गावचा. वडील कापडाच्या धंद्यातले, आई डच वळणाच्या घरातली. विल्हेम एकुलता एक. तो तीन वर्षांचा असताना कुटुंब हॉलंडमधल्या अपेल्डोर्नला गेलं. पुढे उट्रेख्टच्या तंत्रशाळेत असताना वर्गातल्या कुणीतरी एका मास्तरांचं व्यंगचित्र काढलं आणि आळ आला विल्हेमवर. चित्र त्यानं काढलेलं नव्हतं. कुणी काढलं ते सांगायला त्यानं नकार दिला आणि शाळेनं त्याला काढून टाकलं. युरोपात विद्यापीठात जाण्यासाठी जे शालान्त प्रमाणपत्र लागतं, ते या मुलाला पुढे कधीच मिळालं नाही.

झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये या प्रमाणपत्रावाचून प्रवेश मिळू शकत असे. तिथे तो यंत्र अभियंता झाला आणि १८६९ मध्ये झुरिक विद्यापीठाची डॉक्टरेटही त्यानं मिळवली. ऑगस्ट कुंट या भौतिकतज्ज्ञानं त्याला हाताशी घेतलं. गुरू-शिष्य व्युर्झबर्गला गेले, तर तिथल्या विद्यापीठानं शालान्त प्रमाणपत्राअभावी राँटजेनना अध्यापनाची पायरी चढू दिली नाही. डॉक्टरेट असलेल्या माणसाकडे शाळेचा दाखला मागायचा, हा प्रकार आपल्याला अगदीच अपरिचित नाही! मग श्ट्रासबुर्ग, होहेनहाइम, गीसन अशा नोकऱ्या करत ते १८८८ साली पुन्हा व्युर्झबर्गला आले ते थेट भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आणि संस्थाप्रमुख म्हणून. १८९४ मध्ये ते त्याच विद्यापीठाचे कुलप्रमुख झाले. दाखल्याचं पुढे काय झालं, हे कुणी विचारल्याचं वाचनात नाही.

झुरिकला असतानाच एका खानावळवाल्याच्या मुलीशी, आना बेर्टा लुडविगशी, त्यांची ओळख झाली होती. ती त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी. १८७२ मध्ये लग्न झालं. मूल झालं नाही. बेर्टाच्या भावाची मुलगी त्यांनी दत्तक घेतली.

आता ती संध्याकाळ. ८ नोव्हेंबर १८९५, शुक्रवार. हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीतून विजेचा दाब सोडला की तिच्यात कॅथोड किरण निर्माण होतात. युरोपातल्या कितीतरी प्रयोगशाळांत तेव्हा हे काम चालू होतं. राँटजेननी नळी काळ्या पुठ्ठ्यानं पूर्ण झाकली होती. तरी बाजूला पडलेला, बेरियम प्लॅटिनोसायनाइड फासलेला कागद चमकला. (बँकेत नोट अतिनील दिव्याखाली धरल्यावर तिच्यातले काही तंतू चमकतात ना, त्याच जातीची ही चमक.) कॅथोड किरण हवेत काही सेंटिमीटरच्या पुढे जात नाहीत, हा पडदा तर दोन मीटरवर नेला तरी चमकत होता.

दुसरा कुणी असता तर दुसऱ्या दिवशी तार केली असती. राँटजेननी घरी बायकोलाही नीट काही सांगितलं नाही. राहायची जागा संस्थेच्याच वरच्या मजल्यावर होती, पण ते प्रयोगशाळेतच जेवू-झोपू लागले. आणि त्यांनी एकेक शंका काढून तिचा निकाल लावायला सुरुवात केली. डोळ्यांना भास होत असेल? म्हणून छायाचित्रणाच्या काचा वापरल्या. काचेला भास होत नाही. किरण नळीच्या नेमक्या कुठल्या भागातून निघतात? चुंबकानं आतला कॅथोड किरणांचा झोत हलवला, तर नव्या किरणांचा उगमही त्याबरोबर सरकला. म्हणजे झोत काचेवर जिथे आदळतो तिथून ते निघतात. मग वाटेत पुस्तक, पत्त्यांचा जोड, लाकूड, ॲल्युमिनियमचे पत्रे, शिसं असं काय काय धरून पाहिलं आणि कशातून किती पार जातं ते नोंदवलं. बंद लाकडी पेटीतल्या वजनांचा संच काचेवर उमटला. २२ डिसेंबरला बेर्टाचा हात सुमारे पंधरा मिनिटं काचेवर ठेवून घेतला. बोटांची हाडं आणि त्यांतल्या एकावर अंगठी, हे चित्र पुढे जगभर गेलं.

पण मला सगळ्यांत जास्त आवडतो तो त्यांचा फसलेला प्रयोग. हे किरण प्रकाशाचे भाऊबंद असतील तर लोलकातून ते वाकायला हवेत, भिंगानं एका ठिकाणी गोळा व्हायला हवेत. त्यांनी पाण्याचे आणि कार्बन डायसल्फाइडचे लोलक करून पाहिले, एबोनाइटचे आणि ॲल्युमिनियमचे करून पाहिले. किरण सरळ निघून गेले. एबोनाइटचं भिंग ठेवलं, काचेचं ठेवलं, प्रतिमा नाही. एवढ्यावर कुणी थांबलं असतं. पण वाकणं फारच थोडं असेल आणि आपल्याला दिसत नसेल तर? यावर त्यांनी जी युक्ती काढली ती आपल्या स्वयंपाकघरातल्या उदाहरणानं समजेल. खडीसाखरेचा स्वच्छ खडा पारदर्शक असतो. तोच कुटून पीठ केलं की पांढराशुभ्र, अपारदर्शक होतो. कारण पिठाच्या प्रत्येक कणावर प्रकाश थोडा वाकतो, थोडा परततो, आणि आरपार जाणं संपतं. राँटजेननी सैंधवाची, चांदीची, जस्ताची बारीक पूड घेतली. पूड आणि सलग तुकडा, वजनानं सारखे. किरण दोन्हींतून सारखेच पार गेले. म्हणजे वाकणं नाही, नेहमीच्या अर्थानं परावर्तन नाही. आणि म्हणून, त्यांनी लिहून ठेवलं, भिंगानं हे किरण एकवटता येणार नाहीत. क्ष-किरणांनी आज आपल्याला दिसते ती हाडांची सावली असते, प्रतिमा नव्हे, त्याचं मूळ इथे आहे.

२८ डिसेंबरला त्यांनी लेख व्युर्झबर्गच्या वैद्यक-भौतिकी सभेकडे दिला. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगतो. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात बातमी, तेराव्या दिवशी बर्लिनला कैसरपुढे प्रयोग, २३ जानेवारीला व्युर्झबर्गला भरगच्च सभा. तिथे वयोवृद्ध शरीरशास्त्रज्ञ कोलिकर यांच्या हाताचं चित्र काढलं, आणि किरणांना राँटजेन यांचं नाव द्यावं असं त्यांनीच सुचवलं. काही आठवड्यांत डॉक्टर मोडलेली हाडं आणि शरीरात अडकलेल्या गोळ्या शोधू लागले. राँटजेननी पेटंट घेतलं नाही. सरदारकीचा ‘फॉन’ घेतला नाही. १९०१ मध्ये भौतिकशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल त्यांना मिळालं. ते स्टॉकहोमला गेले, पदक घेतलं, आणि प्रथेचं व्याख्यान न देता परत आले. बक्षिसाची रक्कम व्युर्झबर्ग विद्यापीठाच्या नावे केली. क्ष-किरणांवर त्यांनी एकंदर तीन लेख लिहिले, शेवटचा १८९७ साली.

या मौनाचा त्यांना त्रासही झाला. फिलिप लेनार्ड नावाचा एक हुशार आणि कडवट शास्त्रज्ञ कॅथोड किरणांवर त्यांच्या आधीपासून काम करत होता. शोधाचं श्रेय आपल्याला हवं, ही त्याची तक्रार जन्मभर टिकली. त्याला १९०५ मध्ये नोबेल मिळालं तरी ती शमली नाही. पुढे तो नाझी झाला आणि ही तक्रार त्याच्या राजकारणाचाही भाग बनली. राँटजेननी जाहीर भांडण केलं नाही. ते १९०० पासून म्युनिकला होते, सुट्टीत वाइलहाइमच्या घरी राहत, शिकार करत, डोंगर चढत.

महायुद्ध आलं आणि जर्मनीतल्या हजारो प्रामाणिक कुटुंबांसारखं त्यांचंही झालं. जे होतं ते देशाला दिलं. जे उरलं ते चलनवाढीनं खाल्लं. बँकेच्या माणसाला हा भाग वाचवत नाही. १९२३ च्या अखेरीस एका डॉलरला सुमारे ४.२ लाख कोटी मार्क पडत होते! आयुष्यभराची ठेव पावाच्या तुकड्याच्या किमतीची होते म्हणजे काय, हे तिथल्या प्राध्यापकांनी आणि पेन्शनरांनी अनुभवलं. व्युर्झबर्गला दिलेल्या बक्षिसाचीही तीच गत झाली. बेर्टा १९१९ मध्ये गेली होती. १० फेब्रुवारी १९२३ रोजी आतड्याच्या कर्करोगानं राँटजेन वारले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांची शास्त्रीय टिपणं आणि पत्रं जाळली गेली.

इथे मला या माणसाचा राग येतो. सात आठवड्यांत त्यांनी कुठल्या दिवशी काय पाहिलं, कुठली शंका आधी आली, किती काचा वाया गेल्या, याचा कागद उरला नाही. उरले ते तीन नीटनेटके लेख. लेनार्डसारख्यांच्या आरोपांना वाव मिळाला तो या रिकाम्या जागेतच. ज्यानं प्रत्येक गोष्टीचा ताळा केला, त्यानं आपली कच्ची वही मात्र दुसऱ्या कुणाला तपासू दिली नाही.

आता त्यांच्या नावाच्या दुर्बिणीकडे वळतो. भिंगानं क्ष-किरण एकवटत नाहीत, हा राँटजेन यांचा निष्कर्ष साध्या भिंगांपुरता खरा ठरला, पण एक आडवाट सापडली. १९१२ मध्ये म्युनिकलाच, माक्स फॉन लाउए यांच्या कल्पनेवरून, स्फटिकातून क्ष-किरणांची नक्षी मिळाली आणि ते प्रकाशाचेच भाऊबंद ठरले. राँटजेन वारले त्याच साली अमेरिकेत आर्थर कॉम्प्टन यांनी प्रसिद्ध केलं की अगदी गुळगुळीत पृष्ठभागावर क्ष-किरण जवळजवळ घासून जातील इतके तिरके सोडले तर ते परततात. तळ्यात चपटा दगड सरळ टाकला तर बुडतो, तिरका फेकला तर टप्पे घेत जातो, तसं. १९५२ मध्ये हान्स व्होल्टर या जर्मन भौतिकतज्ज्ञानं यावरून आरशांची रचना कागदावर मांडली. गंमत म्हणजे त्याला हवा होता सूक्ष्मदर्शक. तीच रचना दुर्बिणीला कामी आली. हे आरसे बशीसारखे नसतात. नळकांड्यासारखे, एकात एक बसवलेले, आतून चकचकीत.

रोसॅटमध्ये असे चार थर होते, काचेसारख्या पदार्थाचे, वर सोन्याचा मुलामा, बाहेरच्याचा व्यास ८३ सेंटिमीटर. ते झाइस कंपनीनं घासले. पृष्ठभागावरचे उंचसखल भाग मिलिमीटरच्या दहा लाखाव्या हिश्शाहूनही लहान. एवढा गुळगुळीतपणा कशासाठी? खरखरीत आरशावर किरण भलतीकडे उडतात आणि ठिपक्याभोवती धुक्याची झालर तयार होते.

तपासणी झाली म्युनिकजवळच्या नॉयरीड गावी, राँटजेन जिथे वारले त्याच शहराच्या कडेला. तिथे सुमारे १३० मीटर लांबीचा नळ आहे, हवा काढून घेतलेला. एका टोकाला क्ष-किरणांचा बारीक उगम, दुसऱ्या टोकाला दुर्बीण. ठिपका ठिपकाच दिसतो का, ते पाहायचं. पण इथेही मेख आहे. ताऱ्याचे किरण इतक्या लांबून येतात की ते समांतर असतात. १३० मीटरवरून आलेले किंचित फाकलेले असतात, त्यामुळे प्रतिमा काही सेंटिमीटर मागे पडते. शिवाय जमिनीवर आरसा स्वतःच्या वजनानं तसूभर झुकतो, अंतराळात झुकणार नाही. म्हणजे जमिनीवर मोजलेला रेखीवपणा आधी या सगळ्याच्या हिशेबातून काढायचा, आणि वर गेल्यावर पुन्हा ओळखीच्या ताऱ्यांवर पडताळायचा. आरशाचा ठिपका पाच विकलांहून लहान भरला. एक किलोमीटरवर ठेवलेलं रुपयाचं नाणं जेवढं दिसेल, साधारण तेवढा.

वर गेल्यावर महिन्याभरात, २९ जून १९९० ला, रोसॅटनं चंद्राचं चित्र घेतलं. उजळ बाजू सूर्याचे क्ष-किरण परतवत होती. काळ्या बाजूनं मागच्या आकाशाचं तेज झाकलं, तिथे सावली दिसली. पण त्या काळ्या बाजूवरूनही थोडे किरण येत होते. ते कुठले? चंद्राचेच असावेत, असं पुष्कळांना वाटलं. खुलासा व्हायला दहा-बारा वर्षं आणि ‘चंद्रा’ ही दुसरी दुर्बीण लागली. पृथ्वीभोवती दूरवर विरळ हायड्रोजन आहे. सौरवारा त्याला धडकतो आणि क्ष-किरण निघतात. म्हणजे प्रकाश होता दुर्बीण आणि चंद्र यांच्या मधला, आपल्याच अंगणातला!

रेखीवपणाची खरी परीक्षा मात्र आणखी वेगळ्या ठिकाणी झाली. किरण टिपणाऱ्या एका यंत्राच्या खिडकीला तारांच्या जाळीचा आधार होता. तारेच्या आड एखादा तारा लपू नये म्हणून सगळा उपग्रहच मुद्दाम हलके हलके झुलवत ठेवत, साधारण चारशे सेकंदांना एक झोका. दिशा मोजणारे कॅमेरे झोका सांगत आणि त्याप्रमाणे संगणक प्रत्येक किरण मूळ जागी नेऊन बसवत असे. पण त्या कॅमेऱ्यांच्या सांगण्यात बारीकशी चूक होती. ठिपके लांबट येऊ लागले. काही दीर्घिकांभोवती वायूचं वलय दिसतंय असं वाटे, आणि ते खरं की झोक्याची करामत, हे ठरेना.

यातून वाट निघाली ती एका साध्या सवयीमुळे. रोसॅटनं टिपलेल्या प्रत्येक क्ष-किरणाची वेळ आणि जागा वेगवेगळी नोंदवून ठेवली होती, चित्र करून कच्चा हिशेब फेकून दिला नव्हता. अमेरिकेतल्या आणि जर्मनीतल्या मंडळींनी नव्वदीच्या दशकात त्या नोंदी पुन्हा काढल्या, झोक्याच्या टप्प्यांप्रमाणे त्यांची वाटणी केली, प्रत्येक टप्प्यातल्या ठिपक्याचा मध्य शोधला आणि सगळे मध्य एकावर एक ठेवले. लांबट ठिपके आक्रसले. काही वलयं नाहीशी झाली, काही टिकली. टिकली ती खरी.

आपल्याकडेही हे काम झालं आहे. २०१५ मध्ये सोडलेल्या ‘ॲस्ट्रोसॅट’वरची मृदू क्ष-किरण दुर्बीण मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाली. तिचे आरसे पातळ पत्र्यांचे, सोन्याच्या मुलाम्याचे. रोसॅटइतका रेखीवपणा तिच्यात नाही; कमी वजनात जास्त किरण गोळा करायचे तर ती किंमत द्यावी लागते. पण तिचाही ठिपका ओळखीच्या ताऱ्यांवर असाच पडताळून घेतला गेला.

रोसॅटचं काम फेब्रुवारी १९९९ मध्ये थांबलं. त्याआधीच्या वर्षी दिशादर्शक कॅमेरा निकामी झाला होता, आणि मग एकदा दुर्बीण चुकून सूर्याच्या फार जवळ वळली. पुढची बारा वर्षं ते मुकं धूड पृथ्वीभोवती फिरत खाली येत राहिलं. २३ ऑक्टोबर २०११ रोजी, आपल्याकडे सकाळी सातच्या सुमारास, ते बंगालच्या उपसागरावर वातावरणात शिरलं. सर्वांत जड तुकडा जळून न जाता खाली पोचेल तो आरशांचाच, असं तज्ज्ञांनी आधी सांगून ठेवलं होतं. किरणांच्या नोंदी म्युनिकजवळ गार्चिंगला आहेत, आणि मागेल त्याला त्या पाहता येतात.